नको झालेला टॅटू, बिघडलेल्या भुवया: काढायला निघण्याआधी एवढं वाचा

माझ्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर, एक नाव होतं. एकोणिसाव्या वर्षी जत्रेत गोंदवलेलं. जनरेटरचा आवाज, एक डुगडुगणारं स्टूल, दीडशे रुपये आणि दहा मिनिटं, एवढ्यात काम झालं होतं. ते घालवायला मला पावणेदोन वर्षं आणि नऊ सिटिंग लागली. त्याच काळात भुवयांचंही निस्तरावं लागलं. चुलत बहिणीच्या लग्नाआधी पार्लरमध्ये मायक्रोब्लेडिंग (बारीक सुयांच्या पात्याने कातडीत रंग भरून भुवया रेखणं) करून घेतलं होतं, आणि दीड वर्षात त्या भुवया विटकरी लाल दिसायला लागल्या.

या काळात ऑफिसातल्या मैत्रिणींनी, सोसायटीतल्या बायकांनी, लष्कराच्या भरतीची तयारी करणाऱ्या भाच्याने मला तेच तेच प्रश्न विचारले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "एका दिवसात निघतं का गं?" निघत नाही. का निघत नाही ते एकदा नीट समजलं की पुढच्या अर्ध्या चुका आपोआप टळतात. मला ते फार उशिरा, एक हात भाजून घेतल्यावर समजलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

मुळाशी एवढंच आहे: लेझर शाई फोडतो, ती बाहेर काढायचं काम तुमचं शरीर करतं, आणि ते आपल्या चालीने करतं. हे वाक्य ध्यानात ठेवून पुढे वाचा.

१. तुमच्या कातडीत नेमकं काय आहे ते ओळखा

सगळे टॅटू सारखे नसतात. किती वेळ, किती पैसे, किती धोका, हे सगळं यावर ठरतं.

जुन्या पद्धतीचं गोंदण, म्हणजे कपाळावरचा ठिपका, हनुवटीवरची टिकली, हातावरची तुळस, हे बहुतेक वेळा काजळीचं असतं. ते हिरवट-निळं दिसतं म्हणून हिरव्या रंगाचं वाटतं, पण काळा रंग कातडीच्या थरांखालून दिसताना तसा भासतो. यात शाई कमी असते, त्यामुळे लेझरला ते चांगला प्रतिसाद देतं.

जत्रेत मशीनने गोंदवलेलं नाव हेही बहुधा काळंच असतं, पण सुई कुठे खोल गेलेली असते, कुठे वरवर. म्हणून काही अक्षरं लवकर फिकी होतात आणि काही चिवटपणे टिकतात. दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे. तिथे एकच सुई किती जणांना टोचली गेली असेल सांगता येत नाही. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तीन तपासण्या एकदा करून घ्या. मी केल्या. अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस कठीण गेले, पण अहवाल स्वच्छ आला आणि मनावरचं ओझं उतरलं.

स्टुडिओत केलेला मोठा, रंगीत टॅटू सगळ्यात वेळखाऊ. शाई भरपूर, थर दाट. जुन्या टॅटूवर नवा टॅटू काढून तो झाकलेला असेल तर शाईचे दोन थर फोडावे लागतात.

चौथा प्रकार पर्मनंट मेकअपचा: भुवया, आयलायनर, ओठांचा रंग. हे वेगळंच प्रकरण आहे. त्यात बऱ्याचदा लोहाची ऑक्साइडं आणि टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि त्यांचं लेझरशी जमत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

रंगांचं थोडक्यात असं आहे. काळा आणि गडद निळा १०६४ नॅनोमीटरच्या लेझरने फुटतो, आणि ही तरंगलांबी आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला त्यातल्या त्यात सुरक्षित असते, कारण त्वचेला रंग देणारं मेलॅनिन ती कमी शोषतं. लाल, नारिंगीसाठी ५३२ नॅनोमीटर लागतो. तो मेलॅनिनही शोषतं, त्यामुळे सावळ्या त्वचेवर फोड आणि पांढरे डाग यांची भीती वाढते. हिरव्यासाठी ७५५ किंवा ६९४ नॅनोमीटरचं मशीन हवं. पिवळा आणि पांढरा हे सगळ्यात हट्टी. म्हणून "आमच्याकडे सगळे रंग निघतात" असं कुणी सरसकट सांगितलं तर "कोणत्या मशीनने?" हा प्रश्न तिथल्या तिथे विचारा.

२. घरगुती उपाय आजच्या आज थांबवा

चुना, मीठ घासणं, ॲसिड, काजूच्या टरफलाचं तेल, बिब्बा. यातला एक ना एक सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेल. बिब्ब्याचं तेल लावलेला हात मी जवळून पाहिला आहे. आमच्या ओळखीच्या एक काकू, मनगटावर गोंदण होतं. तेल लावल्यावर दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, मग पाणी सुटलं, मग तीन आठवडे जखम. आता तिथे बोटभर रुंदीचा, चकाकणारा, वर उठलेला वण आहे. आणि त्या वणाच्या आत, काचेखाली ठेवल्यासारखी, अक्षरं तशीच दिसतात. लेझरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की वण असलेल्या जागी आता काम अवघड झालं आहे.

याचं कारण साधं आहे. शाई कातडीच्या वरच्या थरात नसते, त्याखालच्या थरात असते. वरचा थर दर महिन्याला नवा होतो, म्हणून मेंदी उतरते. टॅटू त्याच्या खाली बसलेला असतो. जे मलम खरोखर तिथपर्यंत पोहोचेल ते वाटेतली कातडी जाळूनच पोहोचेल, आणि जे जाळत नाही ते तिथे पोहोचत नाही. टॅटू काढण्याच्या एकाही मलमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या "पंधरा दिवसांत टॅटू गायब" क्रीमवर एक रुपयाही घालवू नका.

आणखी एक सापळा आहे, तो उपायासारखा दिसतो. "काढू नका ताई, आम्ही वरून कातडीच्या रंगाचा रंग भरून देतो." हे कधीही करू नका. त्या कातडीच्या रंगात पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असतं. पुढे कधी लेझर करायची वेळ आली तर तोच रंग काळा-करडा पडू शकतो.

३. डॉक्टर शोधा, आणि मशीनचं नाव विचारा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. "लेझर टॅटू रिमूव्हल" असा फलक बघून मी एका ब्युटी क्लिनिकमध्ये गेले. तिथलं मशीन प्रत्यक्षात नको असलेले केस काढायचं, प्रकाशझोताचं होतं. आयपीएल म्हणतात त्याला. त्याचा झोत लेझरच्या मानाने फार लांब वेळ टिकतो. त्या वेळात शाईची उष्णता आजूबाजूच्या कातडीत पसरते आणि कातडी भाजते. माझ्या हातावर आयताकृती पट्टे उठले, खिडकीच्या गजांसारखे. ते भरून यायला तीन महिने गेले. त्या काळात खऱ्या उपचाराला हात लावता आला नाही.

टॅटूसाठी लागतो तो क्यू-स्विच्ड एनडी-याग किंवा पिको लेझर. क्यू-स्विच्डचा झोत काही नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागांचा असतो. पिकोचा त्याहूनही कितीतरी छोटा. इतक्या कमी वेळात शाईचा कण फुटतो आणि शेजारची कातडी तापायच्या आत झोत संपलेला असतो. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी १९८३ मध्ये हे तत्त्व मांडलं, आणि आजचे टॅटूचे लेझर त्यावरच चालतात.

डॉक्टर त्वचारोगतज्ज्ञ असावेत: एम.डी., डी.एन.बी. किंवा त्वचारोगातला डिप्लोमा. पाटीवर वैद्यकीय नोंदणी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघता येते. दोन मिनिटांचं काम आहे, करा. तुमच्या जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय असेल तर तिथल्या त्वचारोग विभागात लेझरची सोय आहे का हेही विचारून या.

फोनवर किंवा पहिल्या भेटीत हे विचारा:

- मशीन कोणतं, आणि त्यात कोणत्या तरंगलांबी आहेत?
- लेझर डॉक्टर स्वतः मारणार की दुसरं कुणी?
- माझ्या त्वचेच्या रंगाच्या रुग्णांचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवाल का?
- पॅच टेस्ट (आधी एका छोट्या ठिपक्यावर चाचणी) करता का?
- फोड आला, डाग पडला तर कुणाला फोन करायचा?

शेवटच्या प्रश्नाला जिथे गोलगोल उत्तर मिळेल तिथून उठा.

४. पहिल्या भेटीला काय न्यायचं, काय सांगायचं

सोबत ठेवा:

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र
- आधीचे रक्ताचे अहवाल, असतील तर
- रोजच्या गोळ्यांची यादी, चेहऱ्याला लावायच्या क्रीम्ससह
- टॅटू नवा असतानाचा फोटो (रंग कोणते होते ते यावरून कळतं)
- पर्मनंट मेकअप असेल तर पार्लरकडून रंगाच्या बाटलीचं नाव किंवा बाटलीचा फोटो

पार्लरमधून बाटलीचं नाव काढणं सोपं नसतं. मला तीनदा जावं लागलं. पण मिळालं, आणि डॉक्टरांना त्याचा उपयोग झाला.

सांगायच्या गोष्टी न विचारता सांगा. गरोदर आहात किंवा बाळ अंगावर पितं, मधुमेह आहे, जखमेच्या जागी कातडी वर उठून जाड होण्याची सवय आहे (केलॉइड), मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत किंवा नुकत्याच बंद केल्या, संधिवातासाठी कधी सोन्याच्या क्षारांची औषधं घेतली, ओठांवर वारंवार पाणीदार पुळ्या येतात. गोरं होण्याची म्हणून दुकानातून आणलेली क्रीम लावत असाल तर तेही सांगा. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. आणि टॅटूचा लाल भाग कधी खाजतो, सुजतो, वर उठतो का, हे तर नक्की सांगा. तो ॲलर्जीचा इशारा असतो. लेझरने तोच रंग फुटून अंगभर पसरला तर सगळ्या अंगावर पित्त उठल्यासारखं होऊ शकतं.

सिगारेट, बिडी ओढत असाल तर त्याचाही परिणाम होतो. धूम्रपान करणाऱ्यांचे टॅटू सावकाश निघतात असं दिसून आलं आहे.

"किती सिटिंग लागतील?" याला प्रामाणिक डॉक्टर अंदाज देतात, हमी देत नाहीत. २००९ पासून किर्बी-देसाई नावाची एक मोजपट्टी वापरात आहे. त्यात त्वचेचा रंग, शरीरावरची जागा, शाईचे रंग, शाईचं प्रमाण, आधीचा वण आणि एकावर एक टॅटू, अशा सहा गोष्टींना गुण देऊन सिटिंगचा अंदाज बांधतात. जागेला त्यात गुण का? कारण मान, छाती, पाठ इथलं रक्ताभिसरण चांगलं असतं. मनगट, घोटा, बोटं इथे काम हळू चालतं.

५. पॅच टेस्टशिवाय पुढे जाऊ नका

हे कलम मी भुवयांसाठी मुद्दाम वेगळं ठेवलं आहे.

माझ्या उजव्या भुवईच्या टोकाशी, केसांच्या आड, डॉक्टरांनी मसुराएवढ्या जागेवर एकच झोत मारला आणि आरसा हातात दिला. विटकरी रंगाचा तो ठिपका माझ्या डोळ्यांदेखत काळपट करडा झाला, पाटीवर पेन्सिलीने टेकवल्यासारखा. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टर मात्र शांत होत्या. "म्हणूनच आधी एवढंसंच बघतो," त्या म्हणाल्या. "पूर्ण भुवईवर मारला असता तर आज काळ्या भुवया घेऊन घरी गेला असता."

लाल-तपकिरी लोहाचं ऑक्साइड लेझरच्या उष्णतेने काळ्या रूपात बदलतं. पांढऱ्या, गुलाबी, कातडीच्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचंही तसंच होतं. झालेला काळा रंग पुढच्या सिटिंगमध्ये बऱ्याचदा काढता येतो, पण त्याला वेळ लागतो आणि खात्री नसते. त्यामुळे भुवया, ओठ, गुलाबी-पांढऱ्या छटांचा टॅटू यांपैकी काहीही असलं तरी आधी छोटा ठिपका, मग चार ते सहा आठवडे थांबणं, मग निर्णय.

६. सिटिंगचा दिवस

जागेवर ऊन लागून कातडी रापलेली असेल तर सिटिंग पुढे ढकला. त्या हातावर मेंदी नको. जागा स्वच्छ धुऊन जा, क्रीम-पावडर काही नको.

बधिर करायचं मलम तासभर आधी लावून वर प्लास्टिकची पट्टी बांधतात. हे मलम दुकानातून आणून, मोठ्या भागावर, मनाने थापू नका. जास्त प्रमाणात ते रक्तात जाऊन त्रास होतो. क्लिनिकमध्येच लावून घ्या.

डोळ्यांवर चष्मा लावतात. तो नीट बसला नसेल तर बोला. भुवया आणि पापण्यांच्या कामात साधा चष्मा पुरत नाही, डोळे झाकायला धातूची कवचं लागतात. आयलायनर काढताना ती डोळ्याच्या आत, बुबुळावर बसवावी लागतात. ज्या ठिकाणी ती नाहीत तिथे डोळ्याजवळचं काम करू देऊ नका. यावर तडजोड नाही.

झोत बसतो तेव्हा तापलेल्या तेलाचा थेंब उडावा तसं चरचरतं, आणि सोबत 'टक् टक्' असा आवाज येतो. केस जळाल्याचा किंचित वास येतो. पाठोपाठ शाईच्या रेषा पांढऱ्याशुभ्र होतात, खडूने गिरवल्यासारख्या. पहिल्या वेळी मला वाटलं, निघालं की! पण ते पांढरेपण कातडीत तयार झालेल्या वायूच्या बुडबुड्यांचं असतं, पंधरा-वीस मिनिटांत विरतं आणि नाव परत दिसायला लागतं. खचून जाऊ नका. आत कण फुटलेले असतात.

माझं सगळं काम तीन-चार मिनिटांत संपलं. तयारीला तास, कामाला चार मिनिटं.

७. घरी आल्यावर

पहिल्या दिवशी जागा सुजते, लाल होते. एक-दोन दिवसांत फोडही येऊ शकतात. फोड फोडू नका. आतलं पाणी निर्जंतुक असतं आणि वरची कातडी हीच सर्वांत चांगली पट्टी. फोड फार मोठा, ताठरलेला असेल तर डॉक्टरांकडे जाऊन काढून घ्या.

दिवसातून एकदा-दोनदा साध्या साबणाने हलक्या हाताने धुवा, टिपून कोरडं करा, डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा पेट्रोलियम जेली लावा, वर न चिकटणारी पट्टी ठेवा. हळद, कोरफड, टूथपेस्ट काही लावू नका. खपली धरली की खाजतं. खाजवलंत की वण पडतो. मी रात्री सुती बाह्यांचा ब्लाउज घालून झोपायचे, झोपेत हात जाऊ नये म्हणून.

पोहणं, विहीर, नदी, जोराचा घाम येणारा व्यायाम, जागा भरेपर्यंत नको. बांगड्या आणि घड्याळ दुसऱ्या हातात घाला.

पू, वाढत जाणारी लाली, ताप, अंगभर पित्त यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. श्वास लागला, चेहरा सुजला तर फोनची वाट न बघता थेट जवळच्या दवाखान्यात जा.

८. दोन सिटिंगमधला काळ: खरं काम तेव्हाच चालतं

इथे सगळ्यांची चूक होते, आणि ती घाईची असते.

शाई टोचली की शरीर तिला परकी समजतं. पांढऱ्या पेशींच्या जातीतल्या, कचरा गिळणाऱ्या पेशी ती शाई गिळतात, पण कण इतके मोठे असतात की पचवता येत नाहीत, म्हणून त्या पेशी शाई पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. टॅटू दिसतो तो याच पेशींमधून. फ्रान्समध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून २०१८ मध्ये असं दिसलं की अशी एक पेशी मेली की तिने सोडलेली शाई नवी पेशी गिळते, आणि चित्र जागच्या जागी राहतं. लेझर त्या कणांचे इतके बारीक तुकडे करतो की काही तुकडे लसिकावाहिन्यांतून, म्हणजे शरीरातला कचरा वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, वाहून जाऊ शकतात. हे वाहून नेणं आठवडे, महिने चालतं.

म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे. माझ्या डॉक्टर तर पाचव्या सिटिंगनंतर दहा आठवडे ठेवायच्या. "दर पंधरा दिवसांनी या, लवकर संपवू" म्हणणारा माणूस तुमच्या शरीराला काम करायला वेळच देत नाही, उलट न भरलेल्या कातडीवर पुन्हा मारतो. पैसे जातात, डाग राहतो.

या काळात तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे, ऊन. आपल्या त्वचेला जखमेनंतर काळा डाग पडण्याची सवयच असते. जागा भरली की एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन रोज लावा, दुचाकीवर पूर्ण बाह्या घाला. काळा डाग पडलाच तर बहुतेक वेळा काही महिन्यांत उतरतो. उतरवण्याचं मलम डॉक्टरांकडूनच घ्या. पांढरा डाग पडला तर तो जास्त चिवट असतो, लगेच दाखवा, पुढचं सिटिंग थांबवा.

दर सिटिंगला एकाच खिडकीशी, एकाच वेळी, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. रोज बघणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नाही. चौथ्या सिटिंगनंतर मी सोडून द्यायला निघाले होते. नवऱ्याने पहिला आणि चौथा फोटो शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मला दिसलं की नावातली वेलांटी गेली होती.

९. भुवया, आयलायनर, ओठ

नवीन मायक्रोब्लेडिंग बिघडलं तर पहिला उपाय थांबणं हा आहे. ते टॅटूपेक्षा उथळ असतं, आणि एक ते तीन वर्षांत बरंच फिकं होतं. पहिल्या महिन्यात रंग गडद दिसतोच, खपली गेल्यावर उतरतो. घाबरून दुसऱ्या पार्लरमध्ये "करेक्शन" करायला गेलात की दुसऱ्या रंगाचा थर चढतो, आणि लेझरवाल्यांसाठी कोडं आणखी अवघड होतं.

दुसरा मार्ग म्हणजे मिठाच्या द्रावाची पद्धत. सुईने खारट द्राव त्याच थरात टोचतात, खपली धरते आणि खपलीबरोबर थोडा रंग वर येतो. लेझरने काळे पडणारे रंग यात काळे पडत नाहीत, हा तिचा फायदा. पण सुई खोल गेली तर वण आणि काळा डाग, दोन्ही होऊ शकतात. मी ठिपका काळा पडल्यावर हाच मार्ग घेतला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दोन महिन्यांच्या अंतराने तीनदा. लाली पूर्ण गेली नाही, पण आता भुवयांच्या केसांत लपते, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

भुवयांवर लेझर केलाच तर केस काही काळ पांढरे दिसू शकतात, रंग परत येतो. ओठांच्या कामाआधी पुळ्यांचा इतिहास सांगायचा, हे वर आलंच आहे. आयलायनर कोणत्याही छोट्या क्लिनिकमध्ये करू नका.

१०. भरतीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी

भाच्याच्या दंडावर वाघ होता. "मावशी, मेडिकल दोन महिन्यांवर आहे, तोवर निघेल ना?" मला त्याला नाही म्हणावं लागलं, आणि त्याचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून हे लवकर वाचा.

अग्निवीर भरतीच्या जाहिरातींनुसार कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या बाजूला, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो; बाकी अंगावर चालत नाही. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणासाठी सूट असते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या नियमात डाव्या हाताची कोपर ते मनगट आतली बाजू किंवा तळहाताची मागची बाजू, आणि आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी, अशी अट आहे. उजव्या हाताने सलामी देतात म्हणून डावा. मजकुरालाही अटी असतात. तुम्ही ज्या जाहिरातीला अर्ज भरणार तिचा वैद्यकीय भाग शब्दन् शब्द वाचा.

आणि उलटं मोजा. आठ सिटिंग, प्रत्येकी आठ आठवडे, म्हणजे सव्वा वर्ष. अकरावीत असाल तर आत्ता सुरू करा. ताज्या जखमेने मेडिकलला उभं राहू नका.

पासपोर्टच्या किंवा वाहन परवान्याच्या अर्जात ओळखीची खूण म्हणून हेच गोंदण लिहिलं असेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी दुसरी खूण द्या, आणि तोवर टॅटूचे फोटो व डॉक्टरांच्या पावत्या जपून ठेवा.

११. खर्च

मला एका सिटिंगचे तीन हजार रुपये पडले, वर १८ टक्के जीएसटी. सौंदर्योपचारांना आरोग्यसेवेची करसवलत मिळत नाही, म्हणून सांगितलेला दर करासह की कराशिवाय ते आधीच विचारा. आरोग्य विमाही यात पैसे देत नाही. पूर्ण पॅकेजचे पैसे एकदम भरू नका. पॅच टेस्टमध्ये काळं पडलं, ॲलर्जी निघाली, तर परत मिळवणं कठीण जातं. सिटिंगगणिक द्या, दर वेळी पावती घ्या. संमतीपत्र सही करण्याआधी पूर्ण वाचा. इंग्रजीत असेल तर कुणाकडून तरी समजून घ्या.

१२. घरच्यांशी बोलणं, आणि कुठे थांबायचं

आमच्याकडे आजी म्हणायची, मेल्यावर सगळे दागिने उतरवतात, सोबत येतं ते गोंदणच. माझा हात बघून ती काही बोलली नाही, पण एका बाईने देवाचं नाव काढायला निघालेल्या मुलीला घातलेल्या शिव्याही मी प्रतीक्षाकक्षात ऐकल्या आहेत. ती मुलगी रडत होती. तिला नर्सची नोकरी लागली होती आणि तळहातामागचं जाड, खडबडीत गोंदण हातमोज्यात टोचत होतं. तिचं कारण तिला पुरेसं होतं. तुमचंही असेल. कुणाला पटवून मग निघायचं ठरवलंत तर निघणं होणार नाही.

आणि ज्यांना काढायचं नाही त्यांना आग्रह करू नका. सुनेने, मुलाने सासूचं किंवा आईचं कपाळावरचं गोंदण "आता बरं दिसत नाही" म्हणून काढायला आणलेलं मी पाहिलं आहे. त्या माऊलीला कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी बाकीच्यांना बाहेर बसवून तिला एकटीला विचारलं. ती नको म्हणाली, आणि तशीच घरी गेली.

थांबायचं कधी, हे आधी ठरवून घ्या. शंभर टक्के कोरी कातडी प्रत्येकाला मिळत नाही. काहींना फिकी सावली राहते, काहींना त्या जागेचा पोत बदललेला जाणवतो. लागोपाठ दोन सिटिंगमध्ये फोटोंत फरक दिसला नाही तर तिसरं लगेच घेऊ नका. माझ्या हातावर आता तिरप्या उन्हात एका कान्याची पुसट उभी रेघ दिसते, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाल्या, सहा महिने काही नको, शरीर अजून काम करतं आहे, मग फोटो बघून ठरवू. तुमच्याकडेही असं काही पुसट उरलं असेल तर तेवढे सहा महिने सनस्क्रीन लावत काढा, आणि त्याच खिडकीशी पुढचा फोटो काढा.